एपिस्टेम परिषद
विज्ञान, तंत्रज्ञान व गणित यांच्या शिक्षणावरील संशोधन मांडणारी आंतरराष्ट्रीय परिषदमाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र (स्थापना १९७४) ती भरवते. पहिली परिषद डिसेंबर २००४ मध्ये गोव्यात झाली. एकेका विषयातील आजवरच्या संशोधनाचा आढावा घेणारी निमंत्रित व्याख्याने हे तिचे वैशिष्ट्य. जोडीला शोधनिबंध व भित्तिपत्रेही सादर होतात. समान वाटणीतून मुलांच्या मनात अपूर्णांकाची कल्पना कशी घडते, अंकगणिताकडून बीजगणिताकडे वळताना विद्यार्थी कुठे अडखळतात, अशा वर्गातल्या प्रश्नांचा या क्षेत्रात शास्त्रशुद्ध अभ्यास होतो. परिषदेतील निबंधांचे संग्रह प्रसिद्ध केले जातात. विज्ञान व गणित शिक्षणाच्या भारतीय संशोधकांसाठी हे महत्त्वाचे व्यासपीठ आहे.