व्हायोलिनवाला अँथनी आणि आपला बेंजो मास्टर

१४ एप्रिलला वाशिम, रिसोड, मंगरुळपीरच्या गावागावांत भीमगीतांचे कार्यक्रम होतात. दुसऱ्या दिवशी गायकाचं नाव सर्वांच्या तोंडी असतं. बेंजो कोणी वाजवला, ढोलक कोणाचं होतं, कुणी विचारत नाही. हा विसर साधा नाही, असं आमचं म्हणणं आहे.

'अमर अकबर अँथनी' (१९७७) मुळे अँथनी गोन्साल्विस हे नाव घराघरात गेलं. पण हा माणूस खरा होता, हे किती जणांना माहीत आहे? जन्म १९२७, गाव गोव्यातलं माजोर्डा. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत त्यांनी व्हायोलिन वाजवलं, प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं. १९५८ मध्ये 'इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा' उभा करून आपल्या रागांवर पाश्चात्य वाद्यवृंदासाठी रचना लिहिल्या. त्यातली एक सारंग रागातली. लता मंगेशकर, मन्ना डे त्या वाद्यवृंदासोबत गायले. पुढे ते अमेरिकेला गेले, परतून माजोर्ड्यात शांतपणे राहिले, २०१२ मध्ये वारले. शिष्याने गाण्यात नाव गुंफलं म्हणून ते उरलं. त्या काळच्या कित्येक गोवेकर वादकांचं नाव पडद्यावर आलंच नाही.

हे वादक घडले कसे? गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवलं जाई. तिथल्या ख्रिस्ती समाजातही जात राहिली, हे आम्ही झाकत नाही. तरी विद्या शाळेत आणि कागदावर आली, की ती एखाद्या घराण्याच्या उंबऱ्याआड कोंडता येत नाही.

आपल्याकडे उलट झालं. वीणा सरस्वतीच्या हातात आणि डफडं आपल्या गळ्यात. डफडं वाजवणं ही कला नव्हे, गावकीची वेठ ठरली. धम्मदीक्षेनंतर आपण ते टाकलं, योग्यच केलं. स्वतः बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. वाद्य कोणत्याही जातीची मालमत्ता नाही, हे त्यातून आपण घ्यायला हवं.

मग राबणाऱ्याला बेनाव ठेवण्याची तीच जुनी रीत आपल्या मंचावर का? जलशातले, गायन पार्टीतले म्हातारे वादक आज आहेत, उद्या नसतील. त्यांच्याकडे बसा. नावं, गावं, चाली लिहून घ्या, मोबाईलवर ध्वनिमुद्रित करा. आणि यंदाच्या जयंतीच्या पत्रिकेवर गायकाखाली प्रत्येक वादकाचं नाव छापा. आपला इतिहास आपणच लिहिला नाही, तर तो दुसरा कोणी लिहिणार नाही.

जय भीम!