महाराष्ट्रातील हौशी खगोलछायाचित्रण : उपकरणदोष व प्रतिमा-संस्करण यांचा ऐतिहासिक आढावा (१८९८ ते आजपर्यंत)

प्रस्तावना :

विज्ञानाचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. उपकरणात कोणता बिघाड झाला, तो कसा ओळखला गेला आणि त्यावर कोणता उपाय योजला गेला, याची नोंद मात्र क्वचितच इतिहासग्रंथांत येते. खगोलछायाचित्रणाच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. आकाशाच्या छायाचित्रात दिसणारी प्रत्येक गोष्ट आकाशातलीच असते असे नाही. तिच्यातील काही भाग दुर्बिणीचा, काही काचेचा व काही संस्करणाचा असतो. म्हणूनच दोषांचा इतिहास हा पुराव्याच्या विश्वासार्हतेचाही इतिहास ठरतो. प्रस्तुत लेखात २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणापासून नाशिक परिसरातील आजच्या हौशी निरीक्षकांपुढील अडचणींपर्यंतचा हा धागा तपासला आहे.

१८९८ चे ग्रहण आणि महाराष्ट्र :

या ग्रहणाचा खग्रास पट्टा कोकण किनाऱ्यावरून सोलापूर जिल्ह्यातील जेऊरमार्गे वऱ्हाड-नागपूरकडे व पुढे बक्सरपर्यंत गेला होता. नाशिक या पट्ट्याच्या बाहेर राहिले. तेथे ग्रहण खंडग्रास होते. तथापि मुंबईहून वऱ्हाडाकडे जाणारा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग थळ घाटातून नाशिकवरूनच जात असे. तळणी व पुलगाव ही निरीक्षणस्थळे याच लोहमार्गावरची होत.

विजयदुर्ग येथे नॉर्मन लॉकयर यांनी आरमारी खलाशांच्या साहाय्याने निरीक्षण केले. हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला, अशी समजूत महाराष्ट्रात रूढ आहे. परंतु १८६८ मध्ये लॉकयर यांनी सौरज्वालांच्या वर्णपटाचे निरीक्षण इंग्लंडमधून केले होते. विजयदुर्गाशी त्यांचा संबंध १८९८ चा आहे. जेऊर येथे अमेरिकेतील लिक वेधशाळेचे डब्ल्यू. डब्ल्यू. कॅम्पबेल आणि पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांची पथके होती. पुणे येथील विज्ञान महाविद्यालयाशी संलग्न असलेल्या या वेधशाळेत ग्रब कंपनीची २० इंची परावर्ती दुर्बीण होती. वऱ्हाडातील तळणी येथे ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या प्रामुख्याने हौशी निरीक्षकांच्या संस्थेचे पथक उतरले होते. याच संस्थेच्या पथकाला १८९६ मध्ये नॉर्वेतील वाद्सो येथे ढगांमुळे रिकाम्या हाती परतावे लागले होते.

दोन कॅमेरे, दोन अडचणी :

जेऊर येथील कॅम्पबेल यांच्या कॅमेऱ्याचे नाभीय अंतर ४० फूट, तर भिंगाचा व्यास ५ इंच होता. त्यात सूर्याची प्रतिमा चार इंचांहून मोठी पडत असे. परंतु प्रतिमा जितकी मोठी, तितके तिचे सरकणेही मोठे. पृथ्वीच्या परिवलनामुळे ही प्रतिमा काचेवर दर सेकंदाला सुमारे ०.८ मिलिमीटर सरकते. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्या अवधीत सूर्य आपल्या व्यासाइतका पुढे जातो. एवढा लांब कॅमेरा सूर्यामागे फिरविणे अशक्य असल्याने भिंग स्थिर ठेवून घड्याळी यंत्रणेच्या साहाय्याने छायाचित्रणाची काच सरकविण्यात येई. दुसरा प्रश्न वाऱ्याचा होता. त्यासाठी भिंगाचा मनोरा आणि नळीचा मनोरा परस्परांपासून स्वतंत्र उभारण्यात आले. त्यामुळे नळीला बसणारे वाऱ्याचे हादरे भिंगापर्यंत पोहोचत नसत. येथे दोष दुरुस्त करण्याऐवजी दोषाचे कारण व प्रतिमा यांच्यातील संबंधच तोडण्यात आला, हे लक्षणीय आहे.

तळणी येथील ॲनी माँडर यांची वाट नेमकी उलट होती. ग्रिनिच वेधशाळेत त्या गणक म्हणून काम करीत होत्या. १८९५ मध्ये विवाह झाल्यावर तत्कालीन नियमांमुळे त्यांना ते पद सोडावे लागले. अर्थात त्यांचे 'हौशी' असणे कौशल्याच्या अभावातून नव्हे, तर नियमातून आले होते. त्यांच्या कॅमेऱ्याचे भिंग केवळ दीड इंच व्यासाचे व ९ इंच नाभीय अंतराचे होते. त्यात सूर्याची प्रतिमा अवघी दोन मिलिमीटर पडते. मात्र नाभीय अंतर व व्यास यांचे गुणोत्तर येथे ६, तर ४० फुटी कॅमेऱ्यात ९६ होते. म्हणजेच प्रभामंडलासारख्या पसरट व अंधूक वस्तूची प्रतिमा लहान कॅमेऱ्यात सुमारे अडीचशे पट अधिक तेजस्वी पडते. या साध्या साधनाने प्रभामंडलाचा सुमारे ६० लाख मैल लांबीचा किरण टिपला गेला. तपशिलासाठी मोठी प्रतिमा आणि अंधूक विस्तारासाठी शीघ्र भिंग, हा विवेक आजही तितकाच लागू आहे.

काचेचे दोष आणि हातांनी केलेले संस्करण :

तत्कालीन छायाचित्रणाच्या काचेचा एक मोठा दोष असा की, तेजस्वी भागाचा प्रकाश काचेच्या मागील पृष्ठावरून परावर्तित होऊन मूळ प्रतिमेभोवती खोटे वलय निर्माण करीत असे. प्रभामंडल स्वतःच वलयाकार असल्याने हा दोष विशेष फसवा होता. काचेच्या मागे काळा लेप देणे किंवा काचेवर संवेदनशील द्रव्याचे एकाहून अधिक थर देणे, हे त्यावरील उपाय होते. उष्ण हवामानात काच धुताना जिलेटिनचा थर सुटण्याचा धोकाही असे.

प्रभामंडलाचा आतील भाग बाहेरील भागापेक्षा कित्येक पट तेजस्वी असल्याने एकाच उद्भासनात दोन्ही भाग टिपता येत नसत. म्हणून निरनिराळ्या कालावधीची अनेक छायाचित्रे घेतली जात आणि डब्ल्यू. एच. वेस्ली यांच्यासारखा कुशल चित्रकार ती समोर ठेवून एकच संयुक्त रेखाचित्र तयार करीत असे. आज संगणक करतो ते प्रतिमा-संयोजन तेव्हा माणसाची नजर व हात करीत. मूळ काचा जपल्या असतील तरच अशा रेखाचित्राची पडताळणी होऊ शकते.

संस्थात्मक वाटचाल :

याच तळणीत जॉन एव्हरशेड यांनी सूर्याच्या वर्णगोलाचे वर्णपट टिपले. तेव्हा हौशी असलेले एव्हरशेड १९०७ मध्ये कोडाईकनाल वेधशाळेत दाखल झाले. नायगमवाला यांच्या निवृत्तीनंतर १९१२ मध्ये पुण्याची वेधशाळा बंद होऊन तिची उपकरणेही कोडाईकनालला गेली. उपकरणांबरोबर ती हाताळण्याची परंपराही महाविद्यालयातून गेली. पुढे १९४४ मध्ये पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. १९८६ च्या हॅलेच्या धूमकेतूने नवी पिढी आकाशाकडे वळली. त्यानंतरच्या काळात पुण्यातील आयुकाच्या दुर्बीण-निर्मिती कार्यशाळांनी आरसा घासण्याचे व तपासण्याचे शिक्षण अनेकांपर्यंत नेले.

नाशिक आणि अंकीय काळ :

अंकीय कॅमेऱ्यामुळे काच गेली. दोष मात्र रूप बदलून राहिले. नाशिकचे अक्षांश सुमारे २० अंश असल्याने ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढ्याच उंचीवर दिसतो. धुके, धूळ किंवा डोंगर आड आल्यास विषुववृत्तीय बैठकीचा अक्ष ध्रुवाशी जुळविणे कठीण होते. युरोपीय अक्षांश डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या काही बैठकींत, अक्ष इतका खाली आणल्यावर प्रतिभार तिपाईच्या पायाला अडतो. पावसाळ्यातील दमटपणामुळे भिंगावर बुरशी येते. सिलिका जेलसह बंद डब्यात साठवण हाच त्यावरील साधा उपाय होय.

दोषाची लक्षणे वाचण्याची पद्धतही निश्चित झाली आहे. सर्व तारे एकाच दिशेने ताणलेले असतील तर अनुसरणात दोष. एका बिंदूभोवती कमानीसारखे असतील तर ध्रुवजुळणीत दोष. केवळ कोपऱ्यांत ताणलेले असतील तर भिंगात किंवा कॅमेऱ्याच्या कलण्यात दोष संभवतो. धुळीची सावली कॅमेरा फिरविल्यावरही चौकटीत त्याच जागी राहिली, तर धूळ कॅमेऱ्याकडील भागात. जागा बदलली, तर दुर्बिणीकडील भागात असते.

रजिस्टॅक्स, डीपस्कायस्टॅकर यांसारख्या आज्ञावलींनी अनेक प्रतिमा एकत्र करता येतात. १६ प्रतिमांच्या सरासरीने यादृच्छिक गोंगाट एक-चतुर्थांश होतो. परंतु प्रत्येक प्रतिमेत त्याच जागी असणारा दोष सरासरीने जात नाही. त्यासाठी झाकण लावून तेवढ्याच कालावधीच्या व तापमानाच्या 'डार्क' प्रतिमा आणि समान प्रकाशित पृष्ठाच्या 'फ्लॅट' प्रतिमा घ्याव्या लागतात. हिवाळ्यात नाशिकचे तापमान सायंकाळ ते पहाट बरेच उतरते. सायंकाळी घेतलेला 'डार्क' पहाटेच्या प्रतिमेला लागू पडत नाही. फ्लॅट घेण्यापूर्वी फोकस वा कॅमेऱ्याची दिशा बदलल्यास दुरुस्तीच नवा दोष निर्माण करते.

समारोप :

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, साधन बदलले तरी हादरे, अनुसरण, परावर्तन व असमान संवेदनशीलता हे मूळ दोष १८९८ पासून कायम आहेत. दुसरी, संस्करण ही अंकीय काळाची देणगी नसून काचेच्या काळापासूनची गरज आहे. मात्र दोष काढणे आणि प्रतिमेत नसलेले भरणे यांतील सीमा मूळ प्रतिमा जपल्यासच दाखविता येते. तिसरी, पुण्याच्या वेधशाळेच्या उदाहरणावरून दिसते की उपकरणे हलली की त्यांभोवतीचे व्यवहारज्ञानही लुप्त होते. महाविद्यालयांतील भौतिकशास्त्र विभागांनी स्थानिक हौशी निरीक्षकांच्या मूळ प्रतिमा, दोषनोंदी व दुरुस्तीच्या वह्या जतन केल्यास पुढील अभ्यासकाला केवळ सुंदर चित्रे नव्हे, तर ती तपासण्याचे साधनही उपलब्ध होईल.