श्वानपैदास केंद्रे आणि प्राणीकल्याण : तंजावरच्या निमित्ताने

तमिळनाडूतील तंजावर हे शहर मराठी वाचकांना बृहदीश्वराच्या मंदिरापेक्षाही भोसले घराण्याच्या राजवटीमुळे आणि सरस्वती महाल ग्रंथालयामुळे अधिक जवळचे वाटते. 1798 ते 1832 या काळात गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी येथे धन्वंतरी महाल ही वैद्यकीय संस्था चालवली. माणसांप्रमाणेच जनावरांच्या औषधांवरही तेथे काम होत असे. हत्ती आणि घोडे यांच्या परीक्षेची व उपचारांची माहिती देणारी हस्तलिखिते ग्रंथालयात आजही जतन करण्यात आली आहेत. सरफोजींनी ज्या ओरतनाडू गावी मुक्तांबाळ छत्र उभारले, त्याच गावात आता तमिळनाडू पशुवैद्यक विद्यापीठाचे महाविद्यालय आहे.

जनावरांच्या आरोग्याचा विचार या भूमीला नवा नाही, हे यावरून लक्षात यावे. तथापि ज्या प्राण्याची आज देशभर सर्वाधिक खरेदी-विक्री घरगुती हौसेपोटी होते, त्या कुत्र्याची व्यावसायिक पैदास मात्र दीर्घकाळ कोणत्याही विशिष्ट नियमाविना चालू होती. केंद्र सरकारचे स्वतंत्र नियम 2017 मध्ये आले. तमिळनाडू सरकारने 2024 मध्ये आपले श्वानपैदास धोरण जाहीर केले. या दोहोंमुळे तंजावरसारख्या जिल्ह्यातील पैदासकार आणि ग्राहक यांच्यावर कोणती बंधने आली, आणि ती मोडली गेल्यास काय होते, याचा हा आढावा.

मादीच्या आयुष्याचा हिशेब

श्वानपैदास केंद्रातील गैरप्रकारांची चर्चा बहुधा पिलांपासून सुरू होते. आजारी पिलू विकले गेले, चार दिवसांत दगावले, पैसे परत मिळाले नाहीत, अशा तक्रारी ग्राहक करतात. मात्र या व्यवसायाचा खरा भार ग्राहकाच्या नजरेस कधीच न पडणाऱ्या मादीवर असतो.

कुत्री साधारणतः सहा महिने ते एक वर्ष या वयात प्रथम माजावर येते आणि त्यानंतर सुमारे दर सहा-सात महिन्यांनी पुन्हा माजावर येत राहते. गर्भकाळ सुमारे 63 दिवसांचा असतो. म्हणजे निसर्गाच्या हिशेबाने आठ वर्षे वयापर्यंत ती बारा-पंधरा वेळा गाभण राहू शकते. प्रत्येक वेतात पाच-सहा पिले धरली, तर एका मादीपासून मिळणाऱ्या उत्पन्नाचा अंदाज कोणालाही बांधता येईल. प्रत्येक माजाला तिला नराकडे नेण्याचा मोह येथूनच निर्माण होतो.

या मोहाला आळा घालण्यासाठी 23 मे 2017 रोजी केंद्र सरकारने प्राणी क्रूरता प्रतिबंधक (श्वानपैदास व विक्री) नियम अधिसूचित केले. त्यांनुसार 18 महिने पूर्ण होण्यापूर्वी मादीचा पैदाशीसाठी उपयोग करता येत नाही. बारा महिन्यांत एकच वेत घेता येते, संपूर्ण आयुष्यात पाचांहून अधिक वेते घेता येत नाहीत आणि आठ वर्षांनंतर पैदास थांबवावी लागते. निकटच्या रक्तसंबंधातील नर-मादीचा संयोग करण्यास मनाई आहे. बारा-पंधरा शक्यतांपैकी पाच, हा कायद्याने घातलेला आकडा आहे. उरलेल्या वेळी मादीला खाऊ घालायचे, फिरवायचे, तिच्यावर उपचार करायचे आणि त्या बदल्यात काही मिळवायचे नाही. प्रामाणिक पैदासकाराच्या पिलाची किंमत अधिक का असते, याचे उत्तर बरेचसे येथे आहे.

लागोपाठ वेते घेतलेल्या मादीची अवस्था पशुवैद्यकांना सहज ओळखता येते. फासळ्या दिसू लागतात, अंगावरील केस विरळ होतात, स्तन लोंबतात आणि वारंवार सुजतात. दूध पाजण्याच्या काळात रक्तातील कॅल्शियम एकाएकी घटल्यास तिला झटके येतात व वेळीच उपचार न झाल्यास ती दगावू शकते. वय वाढलेल्या मादीच्या गर्भाशयात पू साठण्याचा विकारही प्राणघातक ठरतो. जन्मभर सिमेंटच्या किंवा जाळीच्या तळावर ठेवलेल्या कुत्र्यांच्या कोपरांवर आणि पंजांवर घट्टे पडतात, नखे वाढून वळतात. सतत कोंडून ठेवलेले कुत्रे एकाच जागी गोल गोल फिरत राहते. अशा खुणा एखाद्या दिवसाच्या हलगर्जीपणाने उमटत नाहीत.

पिलांबाबतचा नियमही स्पष्ट आहे. आठ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी पिलू विकता येत नाही. जन्मानंतरच्या तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याच्या काळात पिलू आईकडून आणि भावंडांकडून चावण्याची मर्यादा, माणसांची सवय आणि परिसराची ओळख शिकत असते. पाचव्या आठवड्यात बाजारात आणलेले पिलू अधिक गोजिरवाणे दिसते आणि लवकर खपते. परंतु आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरू लागण्याचा आणि लस पुरेशी लागू न झालेली असण्याचा हाच काळ असतो. पार्व्हो या विषाणूजन्य रोगाची साथ अशा पिलांत भराभर पसरते. उलट्या आणि रक्तमिश्रित जुलाब यांमुळे दोन-तीन दिवसांत संपूर्ण वेत नाहीसे होऊ शकते.

हौस परदेशी, ऊन तमिळनाडूचे

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या आसपास जातो आणि हवेतील दमटपणा त्यात भर घालतो. कुत्र्याला माणसाप्रमाणे सर्वांगाने घाम येत नाही, ते प्रामुख्याने धापा टाकून शरीर थंड ठेवते. सायबेरियातील बर्फावर घसरगाडी ओढण्यासाठी घडलेल्या हस्कीच्या दुहेरी केसांत किंवा पगच्या चपट्या नाकपुड्यांत ही सोय फारशी उरलेली नसते. पगची पैदास माणसाच्या आवडीसाठी नाक आखूड करत करत झालेली आहे. त्यामुळे त्याला सामान्य हवामानातही श्वास अपुरा पडतो.

भारतात पगची मागणी एकदम वाढली ती 2003 नंतर. हच या मोबाइल सेवा कंपनीच्या जाहिरातीत एका मुलामागे सर्वत्र जाणारे पग जातीचे कुत्रे घराघरांत पोचले आणि त्या जातीला मोठी मागणी आली. मागणी वाढली की पैदासकार वाढतात, मूळ जोड्या मोजक्याच असल्याने नात्यातील संयोग वाढतात आणि जातीचे दोष पुढील पिढीत अधिक तीव्र होऊन उतरतात. हे चक्र जर्मन शेफर्ड आणि लॅब्राडोर यांच्या खुब्याच्या सांध्यांबाबतही दिसून आले आहे.

2016 मध्ये केंद्रीय विदेश व्यापार महासंचालनालयाने व्यावसायिक पैदाशीसाठी कुत्र्यांच्या आयातीवर निर्बंध घातले. हा वाद पुढे मद्रास उच्च न्यायालयात गेला. तमिळनाडू सरकारच्या 2024 च्या धोरणात 11 परदेशी जातींची पैदास रोखण्याची तरतूद करण्यात आली. हस्की, अलास्कन मॅलम्यूट, सेंट बर्नार्ड, तिबेटन मास्टिफ, चाऊ चाऊ, पग, फ्रेंच बुलडॉग आणि बॅसेट हाउंड यांचा त्यांत समावेश होता. थंड प्रदेशांतील किंवा चपट्या तोंडाच्या जातींना उष्ण हवामानात होणारा त्रास, हे त्यामागील मुख्य कारण होते.

देशी जातींचेही दुखणे

परदेशी जाती वगळल्या म्हणजे प्रश्न सुटला, असे मात्र म्हणता येत नाही. राजपालयम, चिप्पिपारै, कोम्बै आणि कन्नी या तमिळनाडूच्या स्वतःच्या जाती आहेत. 2005 मध्ये भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर चार तिकिटे काढली, त्यांत राजपालयमचा समावेश होता. घोरपडे घराण्याच्या मुधोळ संस्थानामुळे प्रसिद्धीस आलेला, महाराष्ट्रात कारवान म्हणून ओळखला जाणारा मुधोळ हाउंडही त्यांत होता. 30 ऑगस्ट 2020 रोजी ‘मन की बात’ कार्यक्रमात पंतप्रधानांनी या जातींचा उल्लेख करून श्वानप्रेमींना देशी कुत्रे पाळण्याचे आवाहन केले. त्याने देशी जातींकडे देशाचे लक्ष वेधले. तरीही अचानक आलेल्या मागणीचे परिणाम कसे असतात, हे पगच्या बाबतीत दिसलेच होते.

राजपालयमच्या बाबतीत शुभ्र पांढऱ्या रंगाला आणि गुलाबी नाकाला सर्वाधिक भाव मिळतो. कुत्र्यांत अशा पूर्ण पांढऱ्या रंगाशी जन्मजात बहिरेपणाचा संबंध असतो आणि या जातीत तो आढळतो. रंगाचा हट्ट कमी केल्यास बहिरी पिले कमी जन्माला येतील, एवढी साधी ही गोष्ट आहे. बाजाराला ती मान्य करावीशी वाटत नाही.

सर्वांत बोलका दाखला खासगी पैदासकाराचा नाही. देशी जातींच्या जतनासाठी खुद्द राज्य सरकारच्या पशुसंवर्धन विभागाने 1980 च्या सुमारास चेन्नईतील सैदापेट येथे श्वानपैदास केंद्र सुरू केले होते. हेतू चांगला, यंत्रणा सरकारी, पशुवैद्यक हाताशी. तरीही तेथील कुत्र्यांची प्रकृती आणि पिलांचे मृत्यू याविषयी गंभीर तक्रारी झाल्या, प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले आणि केंद्र बंद झाले. या बंदीमुळे देशी जातींचे नुकसान होईल, असा आक्षेप त्यावर घेतला गेला. जातीचे रक्षण आणि त्या जातीच्या प्रत्यक्ष जिवंत कुत्र्याचे रक्षण, या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे सैदापेटने दाखवून दिले.

दंड पन्नास रुपये

नियमांनुसार प्रत्येक पैदासकाराने राज्य प्राणीकल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. नोंदणीचे शुल्क 5,000 रुपये असून ती दोन वर्षांसाठी वैध असते. नोंदणीपूर्वी जागेची तपासणी होते. मायक्रोचिप, लसीकरण, वेतांची संख्या, मृत्यू आणि विक्री यांच्या नोंदी ठेवाव्या लागतात. शेपटी किंवा कान कापणे आणि भुंकू नये म्हणून स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया करणे निषिद्ध आहे. दुकानदारांसाठी 2018 चे स्वतंत्र नियम आहेत.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. विक्रेते पुष्कळदा ‘कागदपत्रांसह पिलू’ अशी जाहिरात करतात. ही कागदपत्रे बहुधा चेन्नईत मुख्यालय असलेल्या केनेल क्लब ऑफ इंडियाची वंशावळीची प्रमाणपत्रे असतात. वंशावळ म्हणजे आई-बाप कोण याची नोंद. आई कोणत्या स्थितीत ठेवली आहे, हे त्यावरून कळत नाही. मंडळाचे नोंदणी प्रमाणपत्र वेगळे असते आणि ग्राहकाने ते पाहणे उपयुक्त ठरते.

नियम इतके तपशीलवार असले, तरी त्यांच्यामागील मूळ कायदा 1960 चा आहे. राज्यसभेच्या सदस्य आणि भरतनाट्यमच्या ख्यातनाम कलावंत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी 1953 मध्ये मांडलेल्या खासगी विधेयकातून त्याची प्रेरणा मिळाली. भारतीय प्राणीकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्ष होत्या, आणि 2018 पर्यंत या मंडळाचे मुख्यालय चेन्नईतच होते. कायद्याच्या 11 व्या कलमात हालचाल करता न येणारा पिंजरा, आखूड साखळी, अपुरे अन्नपाणी यांना क्रूरता मानले आहे. एवढेच नव्हे, तर सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला न फिरवणे हाही गुन्हा असल्याचे तेथे कुत्र्याचे नाव घेऊन म्हटले आहे.

शिक्षा मात्र त्या काळाच्या रुपयातच राहिली. पहिल्या गुन्ह्यासाठी किमान 10 आणि कमाल 50 रुपये दंड. तीन वर्षांच्या आत पुन्हा गुन्हा केल्यास 25 ते 100 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. एका पिलाच्या विक्रीतून हजारो रुपये मिळवणाऱ्या व्यावसायिकाला हा दंड म्हणजे चहापाण्याचा खर्च होय. 2022 मध्ये केंद्राने प्रसिद्ध केलेल्या सुधारणा विधेयकाच्या मसुद्यात दंडाच्या रकमा वाढवण्याचा प्रस्ताव होता. तुलनेसाठी अमेरिकेतील उदाहरण घेता येईल. व्हर्जिनिया राज्यातील एन्विगो या कंपनीच्या पैदास केंद्रातून 2022 मध्ये सुमारे 4,000 बीगल कुत्री बाहेर काढण्यात आली. ती प्रयोगशाळांसाठी वाढवली जात होती. 2024 मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला आणि साडेतीन कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचे मान्य केले.

इंग्लंडने वेगळा मार्ग निवडला. 6 एप्रिल 2020 पासून तेथे सहा महिन्यांखालील पिलांची मध्यस्थामार्फत होणारी विक्री बंद झाली. ग्राहकाला पिलू त्याच्या आईजवळच दाखवावे लागते. वेल्समधील एका पैदास केंद्रातून 2013 मध्ये सोडवलेल्या लूसी नावाच्या मादीवरून हा कायदा ओळखला जातो. दंडाच्या रकमेपेक्षा आईला दृष्टीसमोर आणण्यावर त्याचा भर आहे. भारतातील नियमांची अंमलबजावणी मात्र तपासणी अधिकाऱ्याच्या भेटीवर अवलंबून राहते, आणि फोनवर छायाचित्र पाहून, बसस्थानकावर टोपलीतून पिलू ताब्यात घेणाऱ्या ग्राहकाला आई कधीच भेटत नाही.

तंजावर जिल्ह्यात अशा केंद्राविषयी तक्रार असल्यास ती पोलीस, जिल्हाधिकाऱ्यांकडील प्राणी क्रूरता प्रतिबंधक संस्था, पशुसंवर्धन विभाग किंवा राज्य प्राणीकल्याण मंडळाकडे करता येते. न्यायालयीन दाद मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाकडे मागावी लागते, कारण जिल्हा 2004 पासून त्याच खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात आहे. जप्त केलेली कुत्री खटला चालू असताना कोठे ठेवावीत आणि त्यांचा खर्च कोणी करावा, यासाठीही 2017 चेच स्वतंत्र नियम आहेत. त्यांनुसार खर्चाचा भार मालकावर टाकता येतो. वीस-तीस माद्या एकाच वेळी सामावून घेणारे आश्रयस्थान लहान जिल्ह्यात सहसा नसते. त्यामुळे तपासणीला निघण्यापूर्वीच अधिकाऱ्यांना ही व्यवस्था करावी लागते.