चाकांवरचा गोविंदा

ऑगस्ट 2008 सरत आलाय. तुम्ही भल्या पहाटे खांदा कॉलनीतून निघालात. कळंबोलीला गाडी एक्स्प्रेस वेला लागली आणि पाऊस सुरू झाला. दहीहंडी नुकतीच झालीय, गणपती तोंडावर आलेत. खंडाळ्याच्या घाटात धुक्यामुळे पुढची गाडी दिसत नाही. एक्स्प्रेस वे संपला, की बालेवाडी फार लांब नाही.

बालेवाडीच्या क्रीडासंकुलात शिरा. उंचावर मटकी आहेत, त्यांत लोणी आहे आणि खाली एकही गोपाळ नाही. लोणी काढायचं ते यंत्रांनी. एबीयू रोबोकॉन या कॉलेजांच्या रोबो स्पर्धेचं यजमानपद यंदा भारताकडे आहे, म्हणून खेळ आपल्या दहीहंडीवर बेतलाय. आशिया-पॅसिफिकमधल्या कॉलेजांची पोरं आपापले रोबो घेऊन पुण्यात आलीत.

प्रेक्षकांत बसू नका, पिटमध्ये चला. सोल्डरच्या धुराचा वास येतोय. तुमच्याच वयाची एक मुलगी मोटरची प्रत्येक वायर चिमटीत धरून हलकेच ओढून बघतेय. एक कनेक्टर हातात येतो. ती कुणावर ओरडत नाही. पिन नव्याने बसवते, झिप टाय आवळते आणि पुढची वायर धरते. बाहेर मॅच तीन मिनिटांची. तेवढ्यात ती वायर सुटली असती, तर वर्षभराची मेहनत पाण्यात गेली असती.

शिट्टी होते. एक रोबो पांढऱ्या रेषेवरून नीट निघतो आणि वळणावर भरकटतो. टीम हात वर करून रीट्राय मागते. हे खेळाच्या नियमातच आहे. रोबो अडखळणार हे नियम लिहिणाऱ्यांनी आधीच धरून ठेवलंय. तुम्हीही धरून चाला. आज शेवटी करंडक उचलते ती चीनची शीआन जिआओतोंग युनिव्हर्सिटी.

‘ते चीनवाले, आपण कुठे!’ असं कुणीतरी पुटपुटलंच. मग आणखी सहा वर्षं मागे चला. 2002, टोकियो, पहिलीच एबीयू रोबोकॉन. फुजी पर्वतावर बेतलेला खेळ. रोबोंनी उंच नळकांड्यांत चेंडू टाकायचे. जपानची पोरं 1988 पासून देशांतर्गत रोबोकॉन खेळतायत. मैदान त्यांचं, सराव त्यांचा. तरी जिंकली व्हिएतनामची टीम, हो ची मिन्ह शहरातल्या टेक्नॉलॉजी युनिव्हर्सिटीची. या आंतरराष्ट्रीय मैदानावर ती पहिल्यांदाच उतरली होती.

आता आजच्या तारखेला या. खांदा कॉलनीत तुमचा रोबो टेबलावर उघडा पडलाय. प्रत्येकाला वरचा हात बनवायचाय, कारण फोटोत तोच दिसतो. पण दहीहंडीत सगळ्यात दणकट गडी खालच्या थराला लावतात. तुम्हीही आधी खालचा सांगाडा धरा: चाकं, मोटर, बॅटरी. तो सरळ गेला पाहिजे, हव्या त्या जागी थांबला पाहिजे, लागोपाठ दहा वेळा. मग हात चढवा. हाताला वेळ उरला नाही, तर त्याच्याशिवाय उतरा. धावणारा साधा रोबो पहिल्या मॅचमध्ये काहीतरी गुण आणतो. अर्धवट हात घेऊन जागीच थिजलेला रोबो भोपळा आणतो.

आणि वायरी ओढून बघायचं काम कुणाकडे, ते आजच ठरवा.