कुंकळ्ळीच्या बारा छत्र्या

फाल्गुनात शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण फातर्प्याहून आपल्या मूळ गावी, दक्षिण गोव्यातील कुंकळ्ळीस येते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी मंदिरे पाडली, तेव्हा तिला हे गाव सोडावे लागले. जुलै १५८३ मध्ये गावकऱ्यांनी पाच जेझुइट पाद्री मारले. पुढे बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलेल्या सोळा नायकांपैकी एकच नदीत उडी घेऊन वाचला. कालांतराने गावातील अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. धर्मांतराच्या इतिहासात केवळ ताटातूट शोधणाऱ्याला मात्र हा उत्सव अडचणीचा ठरावा. गुलालाच्या वर्षावात निघणाऱ्या बारा छत्र्या बारा वांगडांच्या, म्हणजे गावच्या जुन्या कुळांच्याच राहिल्या. त्या कुळांचे ख्रिस्ती वंशजही मिरवणुकीत हिंदू भाऊबंदांसह चालतात.