रणक्षेत्रीय प्रथमोपचार प्रशिक्षण
चकमक चालू असतानाच जखमी सहकाऱ्याचे प्राण वाचविण्यासाठी वैद्यकेतर जवानास दिले जाणारे शिक्षण. गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा, देवरी यांसारख्या जंगलव्याप्त आणि दीर्घकाळ नक्षलग्रस्त राहिलेल्या तालुक्यांत त्याचे मोल विशेष आहे, कारण मांडीची मुख्य धमनी तुटल्यास काही मिनिटांतच मृत्यू ओढवू शकतो आणि तेवढ्या अवधीत रुग्णालय गाठणे अशक्यप्राय असते. म्हणून आधी प्रत्युत्तर देऊन आडोसा मिळवावा व मग रक्तस्राव थांबवावा, असा क्रम शिकवितात. टूर्निकेट, म्हणजे दांडीने पिळून घट्ट करावयाचा पट्टा, जखमेच्या सुमारे ५ ते ८ सेंमी. वर, सांधा टाळून आवळतात आणि बांधल्याची वेळ त्यावर लिहितात. ही नोंद पुढे शल्यविशारदास अत्यंत उपयोगी पडते. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; तथापि जंगलात पहिला उपचारक शेजारचा जवानच असल्याने हे शिक्षण प्रत्येक जवानास मिळणे अगत्याचे आहे.