ओंजळीतलं लिनक्स

पँडोरा, म्हणजे हातात धरून खेळायचा छोटा संगणक, मिटलेली असते तेव्हा जाडजूड चष्म्याच्या घरासारखी दिसते. 14 सेंटिमीटर लांब, पावणेतीन सेंटिमीटर जाड. झाकण उघडलं की वर 4.3 इंची पडदा. खाली डावीकडे दिशांची कळ, उजवीकडे खेळाची चार बटणं, दोन्ही अंगठ्यांसाठी दोन चकत्या, आणि या सगळ्यांच्या मधोमध इटुकला कीबोर्ड. या कीबोर्डामुळे ते नुसतं खेळणं राहत नाही. खेळता खेळता थांबायचं, टर्मिनल उघडायचं, त्याच खेळाच्या कोडमध्ये दुरुस्ती करायची आणि पुन्हा खेळायला बसायचं. आत लिनक्स, टेबलावरच्या संगणकावर चालतं तसंच.

असल्या यंत्राकडे बघून माझा भाचा एकदा म्हणाला, "मामा, हे सगळं फोनवर होत नाही का? तेही कमी पैशात?" प्रश्न रास्त होता. मी त्याला तेव्हा फायदे-तोटे मोजून दाखवले आणि त्याचं समाधान झालं नाही. माझंही झालं नाही. पुढे लक्षात आलं की एकट्या यंत्राचा नफातोटा मांडून हा हिशेब लागायचा नाही. या यंत्रांचे गुण आणि खोडी दोन्ही वारशाने आल्या आहेत. त्यामुळे आधी घराण्याची ओळख करून घ्यायला हवी.

या घराण्याचा मूळपुरुष बाजारात आलाच नाही. 1990 च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टो इथे, डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या वेस्टर्न रिसर्च लॅबमध्ये, 'इट्सी' नावाचा खिशात मावणारा संगणक तयार झाला. त्यात स्ट्राँगआर्म चिप होती. ही चिप अर्ध्या वॉटपेक्षाही कमी विजेवर चाले आणि तरी लिनक्स पेलण्याइतकी ताकद तिच्यात होती. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रात खरा संगणक मावला तो या एका गोष्टीमुळे. इट्सी हातातच तिरका केला की पडद्यावरचा मजकूर सरके, म्हणजे आज फोनमध्ये सवयीची झालेली करामत तिथे तेव्हाच होती. पण इट्सी विकण्यासाठी नव्हताच, तो अभ्यासासाठी होता. 1998 मध्ये कॉम्पॅकने डिजिटल कंपनी विकत घेतली. 2000 साली कॉम्पॅकचा आयपॅक हा तळहातावरचा संगणक आला तो मायक्रोसॉफ्टची प्रणाली घेऊन. पण कॉम्पॅकच्याच केंब्रिजमधल्या प्रयोगशाळेतल्या लोकांनी त्यावर लिनक्स चढवून दाखवलं, आणि ते कसं करायचं हे सगळ्या जगासाठी खुलं ठेवलं. हौशी लोक या वाटेला लागले ते तिथून.

मग जपानमधून शार्पचा झाउरस आला. एसएल-5500 हे त्याचं मॉडेल 2002 चं. स्ट्राँगआर्म चिप, 64 एमबी रॅम, खाली ओढला की बाहेर येणारा छोटा कीबोर्ड, आणि कंपनीनेच भरून दिलेलं लिनक्स. या यंत्राशी मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण घराण्याची खरी इस्टेट इथे उभी राहिली. शार्पने दिलेली प्रणाली काहींना पसंत नव्हती. त्यांनी ओपनझाउरस नावाची आपली वेगळी प्रणाली बांधायला घेतली. अडचण अशी की एवढ्याशा यंत्रावर शेकडो प्रोग्राम बांधणं अशक्य. ते मोठ्या संगणकावर, पण छोट्या यंत्राच्या चिपसाठी बांधावे लागतात, आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी. त्यावर या मंडळींनी काढलेली युक्ती स्वयंपाकघरातली आहे. प्रत्येक प्रोग्रामसाठी एक छोटी मजकुराची फाइल लिहायची: मूळ कोड कुठून आणायचा, त्यात काय बदल करायचे, आधी काय तयार हवं, आणि शेवटी काय बाहेर काढायचं. या फाइलला त्यांनी नावही 'रेसिपी' असंच दिलं. एकाने लिहिलेली रेसिपी दुसऱ्याला दुसऱ्या यंत्रासाठी वापरता येऊ लागली. 2003 च्या सुमारास यातूनच ओपनएम्बेडेड हा प्रकल्प उभा राहिला. पुढे ओपनझाउरस आणि त्याचे सोबती एकत्र येऊन ऑंगस्ट्रॉम ही लिनक्स प्रणाली झाली.

झाउरस बंद पडून किती वर्षं झाली. पण 2010 मध्ये लिनक्स फाउंडेशनने योक्टो प्रकल्प जाहीर केला, त्याचा पाया म्हणजे हीच रेसिप्यांची पद्धत. मोटारींच्या डॅशबोर्डसाठी बनलेलं ऑटोमोटिव्ह ग्रेड लिनक्स त्यावर उभं आहे. एलजीच्या टीव्हीमधल्या वेबओएसची खुली आवृत्ती ओपनएम्बेडेडनेच बांधली जाते. खिशातल्या यंत्रावर आपल्या मनासारखी प्रणाली असावी म्हणून चार हौशी माणसांनी केलेली सोय अशी मोटारीत आणि टीव्हीत जाऊन बसली.

झाउरसच्याच सुमारास आपल्याकडे बंगळुरूत याच कुळातलं एक यंत्र जन्माला येत होतं. भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर यांनी मिळून सिंप्यूटर आखला. 2001 मध्ये तो लोकांसमोर आला. चिप तीच, स्ट्राँगआर्म. प्रणाली तीच, लिनक्स. हेतू मात्र सर्वस्वी वेगळा. हे यंत्र हौसेसाठी नव्हतं, खेड्यातल्या माणसासाठी होतं. एका गावात एकच यंत्र, आणि ज्याचं त्याचं स्मार्टकार्ड. कार्ड सरकवलं की तेवढ्यापुरतं यंत्र त्याचं. वाचता न येणाऱ्यासाठी ते बोलून दाखवणार, भारतीय भाषांतून. 2004 मध्ये त्याचीच 'अमिडा' ही आवृत्ती विक्रीला आली, इट्सीसारखी हलवून वापरण्याची सोय घेऊन. सिंप्यूटरकडून जेवढी आशा होती तेवढी विक्री झाली नाही, आणि पुढे ते काम मोबाइल फोननेच केलं. पण त्यासाठी लिहिलेली 'ध्वनी' ही मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली खुली होती. ती पुढे इतरांनी हाती घेऊन वाढवली आणि तिच्यात मराठीही आली. यंत्राबरोबर ती गेली नाही. या घराण्यात हे पुन्हा पुन्हा होतं, आणि माझ्या दृष्टीने फायद्याच्या रकान्यातली ही सगळ्यात मोठी नोंद आहे.

आता पँडोराकडे. तिची थेट आई म्हणजे कोरियाचा जीपी2एक्स. नोव्हेंबर 2005 मध्ये आलेलं, दोन पेन्सिल सेलवर चालणारं, लिनक्स असलेलं खेळाचं यंत्र. ते इंग्लंडमध्ये विकणारा क्रेग रॉथवेल आणि जर्मनीत विकणारा मायकेल म्रोझेक यांना गिऱ्हाइकांच्या तक्रारी आणि इच्छा दोन्ही तोंडपाठ होत्या. कीबोर्ड हवा, वायफाय हवं, मोठा पडदा हवा. कंपनी ते करीना, तेव्हा त्यांनी कॅनडातल्या एका सर्किट आखणाऱ्याला सोबत घेतलं आणि यंत्र स्वतःच करायचं ठरवलं. 30 सप्टेंबर 2008 रोजी आगाऊ नोंदणी सुरू झाली. किंमत 199 पौंड, पहिली खेप 4000 नगांची. पैसे भरणाऱ्यांना वाटलं, वर्षअखेरीपर्यंत यंत्र हातात येईल. पहिले नग लोकांना मिळाले ते मे 2010 मध्ये.

हा उशीर म्हणजे या कुळाची सगळ्यात दुखरी खोड. तिला आळस किंवा लबाडी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. प्लास्टिकचं आवरण ओतायचा साचा चार हजार नगांसाठी करा की चाळीस लाख नगांसाठी, त्याचा खर्च जवळपास तेवढाच. मोठी कंपनी तो लाखो गिऱ्हाइकांवर वाटते, हे चार हजारांवर वाटतात. सुट्या भागांचा पुरवठादार आधी मोठ्या गिऱ्हाइकाचा माल काढतो. साच्यात एक चूक निघाली की सगळं काम थांबतं, कारण हाताशी दुसरा साचा नसतो. या दीड वर्षाहून जास्त काळात पँडोराची चिप म्हातारी होत गेली. 2008 मध्ये 600 मेगाहर्ट्झची ओएमएपी3530 ही अगदी ताजी निवड होती. नोव्हेंबर 2009 मध्ये नोकियाचा एन900 फोन तिच्याच सख्ख्या बहिणीला घेऊन बाजारात आला. पँडोराच्या एक महिना आधी ॲपलचा आयपॅडही आला. म्हणजे गिऱ्हाइकाने पैसे भरले ते नव्या यंत्रासाठी, आणि हाती पडलं ते जुनं झालेलं. तिची पुढची पिढी म्हणजे पायरा. तिची नोंदणी 2016 मध्ये सुरू झाली आणि यंत्रं घरोघर पोचायला लागली 2020 च्या अखेरीस.

दुसरी खोड कमी बोलली जाते. खुलं म्हणून मिरवणारं हे यंत्र सगळंच खुलं नव्हतं. चित्रं रंगवणाऱ्या पॉवरव्हीआर भागाचा ड्रायव्हर बंद होता. कोड मिळत नाही, फक्त तयार फाइल. तो ड्रायव्हर लिनक्सच्या ज्या गाभ्यासाठी, म्हणजे कर्नलसाठी, बांधला तिथेच पाय अडकतो, नव्या कर्नलवर सरकणं जिकिरीचं होतं. याच्या अगदी उलट टोकाला 2010 चा बेन नॅनोनोट. त्याचे सर्किटाचे आराखडेही कोणीही घ्यावेत असे खुले. पण रॅम 32 एमबी आणि वायफाय नाही. या दोघांमधून निवड करायची तर मी पँडोराच घेईन; पण नॅनोनोट करणाऱ्यांबद्दल मला आदर जास्त आहे.

आणि तरीही पँडोरा लोकांनी जपली, यामागे तिच्या पीएनडी फाइलींचा मोठा वाटा आहे. प्रोग्राम 'बसवायचा' नाहीच. एक फाइल कार्डवर ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकायची, की मेन्यूत चिन्ह उगवतं. त्या फाइलमध्ये अख्खा प्रोग्राम दाबून भरलेला असतो आणि शेपटीला त्याची ओळख सांगणारा मजकूर व चित्र. कार्ड काढलं की प्रोग्राम गेला, दुसऱ्या पँडोरात घातलं की तिथे चालू. मूळ प्रणालीला धक्का नाही. ही व्यवस्था वापरणाऱ्यांच्या मेळ्यातूनच आकाराला आली, आणि विक्री थांबल्यावरही ते लोक तिच्यासाठी प्रोग्राम करत राहिले.

मेळा किती मोलाचा, हे अमेरिकेतल्या पॉकेटचिपने दाखवलं. 2016 मध्ये आलेलं स्वस्त, गोड यंत्र. मागचं सर्किट उघडं दिसायचं, आणि टेकण म्हणून पेन्सिल खोचायला भोक ठेवलेलं. 2018 मध्ये कंपनी बंद झाली. यंत्रात नव्याने प्रणाली भरायला लागणाऱ्या फाइली कंपनीच्या सर्व्हरवर होत्या, तोही गेला. लोकांनी त्या फाइली आधीच उतरवून ठेवल्या होत्या म्हणून ती यंत्रं आजही जिवंत करता येतात. म्हणून असलं यंत्र घेऊ का, असं कोणी विचारलं तर मी चिपचा वेग नंतर बघायला सांगतो. आधी बघायचं ते हे, की त्याच्या फाइली कोणाकोणाकडे आहेत.

अलीकडचा वारस यूकन्सोल. क्लॉकवर्कपाय या कंपनीने तो 2022 मध्ये जाहीर केला. सुट्या भागांची पेटी येते, स्क्रू आवळून आपणच जोडायचा. 5 इंची पडदा, 18650 मापाचे दोन सेल, आणि मेंदू म्हणून रास्पबेरी पायचं छोटं मॉड्यूल, जे काढता-घालता येतं. चिप म्हातारी होण्याच्या खोडीवर हा इलाज उत्तम आहे. भारतात मागवायचं तर टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून चालावं.

आता कीबोर्डाची गोष्ट, कारण मराठी माणसाचं गाडं तिथेच अडतं. मराठी दिसायला काही करावं लागत नाही. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचा मूळ ठसा असलेला, रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी सांभाळलेला लोहित देवनागरी फॉन्ट एका आज्ञेत बसतो. लिहिताना मात्र इनस्क्रिप्ट मांडणीत 'च' अर्धविरामाच्या कळीवर, 'ट' अवतरणचिन्हावर, 'ड' चौकटी कंसावर आणि 'य' तिरक्या रेघेवर. ओंजळीएवढ्या कीबोर्डात जागा नसते, म्हणून विरामचिन्हं सहसा एफएन कळीच्या आड ढकललेली असतात. माझ्या यंत्रावर तसंच होतं. साधं 'चहा' लिहायला दोन कळा एकत्र दाबाव्या लागत, आणि 'चटचट' लिहिताना अंगठा आखडे.

तेव्हा मी मांडणीची फाइल उघडली. ती साधी मजकुराची फाइल आहे, एका कळीला एक ओळ. झेडच्या ओळीत ऱ्हस्व एकार होता. दाक्षिणात्य भाषांसाठी तो हवा, मराठीला त्याचं काम पडत नाही. तिथे मी 'च'चा क्रमांक लिहिला. तसंच 'ट', 'ड' आणि 'य' यांनाही क्वचित लागणाऱ्या अक्षरांच्या जागी हलवलं. फाइल जपून ठेवली, बाहेर पडून परत आत आलो, आणि एका बोटात 'चहा' उमटला. फोनवर एखाद्या कळीवर कोणतं अक्षर बसावं हे असं एका ओळीत बदलायला मला कधी मिळालं नव्हतं.

भाच्याला मी हे दाखवलं. त्याने यंत्र हातात घेतलं, त्याच फाइलमध्ये 'ळ' आपल्या सोयीच्या कळीवर नेला, आणि म्हणाला, "मामा, हा असाच राहू दे."

दोन वर्षांनी त्या यंत्राची बिजागरी तुटली. तसला भाग कुठे मिळेना. मी त्यातलं कार्ड काढलं, मांडणीची फाइल नव्या यंत्रात उतरवली आणि टर्मिनल उघडलं. 'च' झेडवर होता, आणि 'ळ' भाच्याने ठेवला तिथेच.